ठुशीला गळा, नथीला मोकळा चेहरा

साताऱ्याच्या वाटेवर बुगडी हरवली, ही तक्रार महाराष्ट्र १९५९ पासून ऐकतो आहे. ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातली ती लावणी ग. दि. माडगूळकरांनी लिहिली, वसंत पवारांनी तिला चाल दिली आणि आशा भोसले यांनी ती गायली. माडगूळकर आटपाडी भागातले, आशाबाईंचा जन्म सांगलीचा. कानाच्या वरच्या कडेला बसणारा एवढासा मोत्याचा दागिना या दोघांनी घराघरात पोचवला, आणि बुगडी कधी पाहिली नव्हती अशांनाही ती हरवल्याची हुरहूर लागली.

बुगडीचं वजन ते किती! गळ्यात साज आहे, हातात पाटल्या आहेत, नाकात नथ आहे, तरी बुगडी नसेल तर जाणत्या बाईच्या लगेच लक्षात येतं. कानाच्या वरच्या कडेची ती जागा फक्त बुगडीची. दुसरा कुठलाही दागिना तिथे चालत नाही. सातारा-सांगली भागातल्या जुन्या नटण्याचं सगळं शहाणपण या एका गोष्टीत आहे. किती दागिने घातले यापेक्षा कोणता दागिना कुठे बसला, आणि त्याच्या आजूबाजूला किती जागा मोकळी राहिली, यावर तिथे तोल ठरत आला.

आज दुकानात ‘संपूर्ण मराठी सेट’ भाड्याने मिळतो. ठुशी, साज, मोहनमाळ, नथ, झुबे, वेल, वाकी, तोडे, कंबरपट्टा, अंबाड्यावरचं फूल असं सगळं एका डब्यात येतं, आणि डबा भाड्याने घेतला आहे म्हणून त्यातलं सगळंच अंगावर चढतं. फोटोत मग दागिने दिसतात, पण एकही दागिना लक्षात राहत नाही. जुन्या बायका एवढं सगळं एकदम घालत नव्हत्या असं नाही. लग्नात, सणात घालत. पण तेव्हा अंगावरचं लुगडं, डोक्यावरचा पदर आणि चोळीचा गळा या तिघांशी त्या दागिन्यांचा हिशेब बसलेला असे.

हा हिशेब सगळ्यात स्पष्ट दिसतो तो गळ्यात. मराठी गळ्यातल्या दागिन्यांचे लांबीनुसार तीन मजले पडतात. पहिला मजला गळ्याला लागून बसणाऱ्यांचा: ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक. दुसरा गळ्याच्या खड्ड्यापासून छातीपर्यंत येणाऱ्यांचा: कोल्हापुरी साज, पुतळ्यांची माळ, बोरमाळ, तन्मणी. तिसरा त्याहून खाली लोंबणाऱ्यांचा: मोहनमाळ, चपलाहार, लक्ष्मीहार. लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात यातला एक मजला मंगळसूत्राने किंवा डोरल्याने आधीच घेतलेला असतो, आणि नेमकी हीच गोष्ट आज सर्वांत जास्त विसरली जाते. मंगळसूत्र लांब असेल तर त्याच लांबीची मोहनमाळ त्यात अडकते, दोन्हींचे मणी एकमेकांत गुंततात आणि दोन्हींची शोभा जाते. अशा वेळी वर ठुशी घालावी आणि मधला मजला रिकामा सोडावा. छोटं मंगळसूत्र असेल तर त्याच्यावर ठुशी नको, खाली मोहनमाळ बरी.

दोन मजल्यांच्या मध्ये किमान तीन-चार बोटं त्वचा किंवा कापड दिसलं पाहिजे. नजरेला दागिना वेगळा ओळखता येतो तो त्याच्या कडेमुळे, आणि कडेला लागून दुसरं सोनं आलं की कड हरवते. पोतही वेगळा हवा. ठुशी म्हणजे बारीक सोन्याचे मणी दाटीने गुंफलेले, साजात चपटी नक्षीदार पानं आणि मधे जवाच्या आकाराचे मणी. दाणेदार आणि पानेदार शेजारी आले तर एकमेकांना उठाव देतात. बोरमाळ आणि मोहनमाळ या दोन गोल मण्यांच्या माळा एकत्र घातल्या, तर लांबून एकच जाड माळ दिसते.

साजाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण कोल्हापूरचं नाव लागलं असलं तरी सांगली आणि साताऱ्याच्या गावागावांत तो लेकीला घालायचा दागिना होता. पारंपरिक साजात एकवीस पानं असतात आणि त्यांत विष्णूचे दहा अवतार व अष्टमंगल चिन्हं येतात. कासव, मासा अशी पानं जवळून पाहिली की ओळखू येतात. सोन्याचा पातळ पत्रा ठोकून पान आणि मणी घडवतात आणि आत लाख भरतात. लाखेमुळे पत्रा चेपत नाही, मणी भरीव दिसतो आणि सोनं मात्र कमी लागतं. थोड्या सोन्यात भरघोस दिसणारा दागिना शेतकरी घरालाही परवडे, हे या कारागिरीचं मोठं यश. प्रत्येक पानावर पाहण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून साजाखालचं कापड शांत असावं लागतं. त्याच्या खाली टिकल्या आणि जरदोजीने भरलेला ब्लाउज आला की एकवीस पानांपैकी एकही वाचता येत नाही.

या भागातलं जुनं लुगडं साजाला नेमकं तसं कापड देत होतं. सीमेपलीकडच्या बागलकोट जिल्ह्यातलं इरकल म्हणजे गडद निळं, काळपट हिरवं किंवा डाळिंबी अंग, लाल पदर आणि त्यावर पांढरी नक्षी. बरोबर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. खणाची वीण बारीक आणि नक्षी इवलीशी असते, त्यामुळे चोळी लांबून जवळपास एकरंगी वाटते. चोळीचा गळा मोठा, म्हणून साज कापडावर न येता त्वचेवर बसे. डोक्यावर पदर असल्याने केसांतले दागिने बहुतेक झाकलेले, डावा खांदा आणि दंड पदराखाली. उघडं राहायचं ते कपाळ, नाक, कानांचा काही भाग, गळा आणि हात. दागिने तिथेच एकवटले.

नथीचा न्याय याहून वेगळा आहे. बाकीचे बहुतेक दागिने जोडीने येतात किंवा मध्यावर बसतात, नथ मात्र डाव्या नाकपुडीत एकटी असते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या असताना एका बाजूला मोत्यांचा घोस आला की नजर आपोआप तिकडे ओढली जाते. म्हणून नथ हा चेहऱ्यावरचा मुख्य दागिना, आणि मुख्य दागिना एकच असतो. मोठी नथ घातली की कानात झुब्यांपेक्षा मोत्याच्या कुड्या चांगल्या. त्या पाळीला चिकटून बसतात, हलत नाहीत आणि नथीतल्या मोत्यांशी नातं सांगतात. टिकली चंद्रकोर असेल तर लहान ठेवावी. नाक टोचलेलं नसलं तरी आता चापाची नथ मिळते, आणि ती ऑफिसातल्या सुती साडीवर एकटी घातली तर जितकी उठून दिसते तितकी पैठणीवरच्या पंधरा दागिन्यांत दिसत नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत हा अनुभव दरवर्षी येतो. फेटा, गॉगल, मोठी नथ, मोठे झुबे आणि मोठी चंद्रकोर एका चेहऱ्यावर आले की कशाकडे पाहावं तेच कळत नाही. चेहरा तेवढा मागे राहतो.

कानाच्या बाबतीत सौंदर्याबरोबर वजनाचाही प्रश्न येतो. जड झुबे पाळीचं भोक ओढून मोठं करतात. त्यावर जुन्या सोनारांनी काढलेला उपाय म्हणजे वेल: झुब्यापासून निघून कानावरून केसांत अडकणारी साखळी किंवा मोत्यांचा सर. दिसायला नुसता दागिना, पण झुब्याचा भार तो पाळीवरून केसांवर घेतो. बुगडीसाठी कानाच्या वरच्या कडेला टोचावं लागतं आणि तिथे कूर्चा असते. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे पाळीचं भोक दीड-दोन महिन्यांत बरं होतं तिथे वरच्या भोकाला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागू शकतो. घाईने लग्नाच्या आदल्या महिन्यात टोचून घेण्यापेक्षा दाबाची बुगडी बरी. आणि बुगडी घालायची तर केस कानामागे घ्यावेत. मोकळ्या केसांखाली ती असून नसल्यासारखी.

या सगळ्याचा सर्वांत मोठा अभ्यास ज्या माणसाने केला, तो पुरुष होता आणि त्याचं गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं नागठाणे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. सांगली ही मराठी रंगभूमीची जन्मभूमी: विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच ‘सीतास्वयंवर’ सादर केलं, आणि तेव्हापासून पुढची कित्येक दशकं स्त्रीची भूमिका पुरुषांनीच केली. १९०५ मध्ये मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये बालगंधर्व शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढे ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधली सिंधू या भूमिकांत त्यांनी नेसणं, केसांची ठेवण, गजरा आणि दागिने यांचा असा मेळ घातला की प्रेक्षागृहातल्या बायका घरी जाऊन त्यांच्यासारखं नेसू लागल्या. शालू आणि पैठण्या खऱ्या, अत्तर खरं, आणि या खर्चापायी पुढे त्यांच्या स्वतःच्या नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

पण बालगंधर्वांची खरी जाण दिसते ती दागिने काढण्यात. १९११ चं ‘मानापमान’ लिहिलं सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. श्रीमंत घरातली भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला धनावरून नाकारते, आणि नंतर वनमाला नावाच्या साध्या मुलीच्या वेशात त्याच्यासमोर येते. धैर्यधराला मोहवते ती ही वनमाला. एकाच नटाने एकाच रात्री आधी अलंकारांनी सजलेली आणि नंतर अलंकार उतरवलेली स्त्री उभी करायची, आणि दोन्ही वेळा ती सुंदर दिसली पाहिजे, ही त्या नाटकाची अट आहे. १९१९ मध्ये राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ आलं, तेव्हा तर सिंधूचा संसार डोळ्यांदेखत दारूत बुडतो आणि शेवटी अंगावर उरतं ठिगळांचं लुगडं. रुक्मिणीला ज्यांनी शालूत पाहिलं होतं, त्याच प्रेक्षकांनी या सिंधूवरही जीव टाकला. ज्या जागी दागिना असायला हवा ती जागा रिकामी दिसली, की त्या रिकामपणानेही बरंच सांगता येतं, हे बालगंधर्वांना पक्कं ठाऊक होतं.

चित्रांतून हाच अभ्यास करायचा असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावरचं त्यांचं श्री भवानी संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झालं आणि राजा रविवर्मा, एम. व्ही. धुरंधर यांची मूळ चित्रं तिथे आहेत. रविवर्म्यांच्या बायका दागिन्यांनी मढलेल्या असतात अशी सर्वांची आठवण असते. त्यांच्या चित्रांसमोर थोडा वेळ थांबलं की वेगळं लक्षात येतं: कॅनव्हासचा मोठा भाग कापडाच्या चुण्यांनी, पदराच्या सावल्यांनी घेतलेला असतो, आणि मोत्याचा ठिपका तिथेच चमकतो जिथे त्याच्याभोवती शांत रंग आहे.

शेजारच्या रंगाने रंग बदलतो, हे शास्त्राने मांडलं ते १८३९ मध्ये फ्रान्समध्ये. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाई खात्याचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल याच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतो. त्याने रंग तपासला तर तो चांगला होता. दोष होता काळ्याशेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगांचा. लाल आणि हिरवा शेजारी आले की दोन्ही जास्त तेजस्वी वाटतात, गडदाशेजारी फिकं अधिक फिकं दिसतं, हे त्याने पद्धतशीर दाखवून दिलं. मराठी घरांत याचा सर्वांत सुंदर दाखला संक्रांतीला दिसतो. एरवी सणाला टाळला जाणारा काळा रंग त्या दिवशी मानाचा, आणि काळ्या चंद्रकळेवर नव्या सुनेला घालायचे ते हलव्याचे दागिने. तीळ, खसखस किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर थेंबथेंब पाक सोडत काटेरी पांढरा हलवा करायचा, आणि त्याचे हार, बांगड्या, बाजूबंद, मुकुट गुंफायचे. हेच दागिने क्रीम रंगाच्या साडीवर घातले तर दिसणारच नाहीत. आणि त्या दिवशी बाकी सोनं कमीत कमी ठेवावं. पिवळा झगमगाट शेजारी आला की हलव्याचा दुधाळ पांढरा रंग मळका वाटू लागतो.

लग्नातला हिरवा चुडाही याच नियमाने खुलतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीने पिवळे झालेले हात, लाल किंवा डाळिंबी काठ, आणि मधे काचेचा हिरवा. काचेच्या बांगड्यांच्या मागे-पुढे सोन्याची पाटली, तोडे घालण्याची रीत रंगालाही धरून आहे आणि सोयीलाही. सोनं हिरव्याला चौकट देतं आणि सैल काच मनगटावर फार सरकत नाही. बहुतेक काच उत्तर प्रदेशातल्या फिरोझाबादहून येते, पण हातात बसवण्याचं कसब कासाराचं. तो हात दाबून पाहतो आणि माप सांगतो. दोन-चार म्हणजे आतला व्यास दोन पूर्णांक चार सोळांश इंच, दोन-सहा म्हणजे त्याहून दोन सोळांशाने मोठा. ऑनलाइन बांगड्या मागवणाऱ्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्म्या बांगड्या परत कराव्या लागणार नाहीत. घड्याळ मात्र पाटली नसलेल्या हातात घालावं. बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं आणि पोलादी पट्टा त्यावर चरे पाडतो.

सोन्याबरोबर चांदी चालते का, हा प्रश्न आजच्या मुली फार विचारतात. मराठी पेहरावाने त्याचं उत्तर केव्हाच दिलं आहे. कमरेच्या वर सोनं आणि पायात चांदी: जोडवी, मासोळ्या, पैंजण, तोरड्या. सोनं म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालायचं नाही, अशी भावना त्यामागे आहे. पण नजरेलाही ते पटतं, कारण दोन धातूंमध्ये नऊवारीचं एवढं मोठं अंतर असतं. दोन धातू एकाच मनगटावर आले तर भांडतात, लांब ठेवले तर दोघेही नांदतात. ज्यांना चांदीच आवडते त्यांनी गळा-कान-हात सगळं ऑक्सिडाइज्ड चांदीत घ्यावं. खणाच्या साडीवर ते फार छान दिसतं.

मोत्यांचं घराणं आणखी वेगळं. तन्मणी, चिंचपेटी, कुड्या आणि मोत्याची नथ ही पेशवाईतल्या घरांची आवड, आणि ती पैठणीच्या मोरपंखी, जांभळ्या रंगांवर शोभते. मोती कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे घामातलं आम्ल, अत्तर आणि केसांचा स्प्रे यांनी त्याची झळाळी मरते. म्हणून नटताना मोती सगळ्यात शेवटी चढवायचे आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी उतरवून मऊ कापडाने पुसायचे.

पुरुषांचा विषय लोक फेट्यावर संपवतात, ते योग्य नाही. माणदेशातल्या धनगराचा जुना वेश पाहावा: पांढरं धोतर, पांढरी बंडी, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी आणि मनगटात चांदीचं कडं. तीनच रंग, आणि त्यांतला एकच भडक. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत असे म्हातारे भेटले की कुठल्याही लग्नातल्या नवरदेवाने त्यांच्याकडून धडा घ्यावा असं वाटतं. नवरदेवाचा फेटा भरजरी असेल तर शेरवानी साधी हवी, गळ्यात मोत्याची एकच माळ पुरे. भिकबाळी घालायची तर कानाला दुसरं काही नको. फेट्याने डोकं मोठं दिसतं, म्हणून पायातही तेवढाच भरदारपणा लागतो, आणि तिथे निमुळता चकचकीत बूट कमी पडतो. कोल्हापुरी चप्पल ती उणीव भरून काढते.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आले: कोल्हापूर, सोलापूर, सांगली आणि सातारा, कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही. नावात एक गाव असलं तरी ही चप्पल करणारे हात आठ जिल्ह्यांत पसरलेले आहेत. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं, दोन बाजूंचे कान, वरची वेणी आणि चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला पुरुषांच्या पायांत दाखवल्या आणि आधी त्यांचं मूळ सांगितलं नाही. इकडून आवाज उठल्यावर कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. हा राग रास्त होता. पिढ्यान् पिढ्या चामडं कमावणाऱ्या समाजाच्या वाट्याला नाव यायला हवं आणि पैसाही. वापरण्याच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट सांगायला हवी: ही कोरड्या मुलखाची चप्पल आहे. पावसात मुरलेलं कातडं आकार सोडतं. म्हसवडला ती जवळपास वर्षभर चालेल, त्याच सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला आषाढात नाही.

आता पैशाचं बोलायला हवं, कारण दागिना निवडताना रंगाच्या आधी भाव विचारला जातो. एप्रिल २०२५ मध्ये चोवीस कॅरेट सोन्याने तोळ्याला एक लाखाचा टप्पा गाठला. सांगलीला सोन्याचं वेड नवं नाही. गणेश नारायण गाडगीळांनी १८३२ मध्ये पेढी सुरू केली ती सांगलीत, पुण्याची शाखा बऱ्याच नंतरची. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यात शिरली. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं हे काम देशातल्या शहराशहरांतल्या सराफ बाजारात याच मुलखातले लोक करतात. तिथल्या घरांना सोन्याची किंमत आणि शुद्धता दोन्ही नीट कळतात.

ज्यांना नव्याने घ्यायचं आहे त्यांनी भारंभार हलक्या वस्तूंपेक्षा एक ठुशी किंवा एक चांगली नथ घ्यावी. ठुशी नऊवारीवर चालते, सहावारीवर चालते आणि कॉलर नसलेल्या एकरंगी कुर्त्यावरही चालते. दागिन्यावर हॉलमार्क पाहावा. बावीस कॅरेटला ९१६ आकडा असतो, आणि एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक सक्तीचा आहे. लाख भरलेला साज किंवा मणी घेताना निव्वळ सोन्याचं वजन लिहून घ्यावं, कारण मोडीत घालताना लाख वजा होते. एक ग्रॅमचे दागिने म्हणजे पितळ किंवा तांब्यावर सोन्याचा पातळ मुलामा. एका समारंभासाठी ते उत्तम, त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. फक्त त्यातला हार खोटा आणि कानातलं खरं अशी जोडी जमवू नये. दोन पिवळ्यांची छटा वेगळी असते आणि उजेडात ती लपत नाही. कुणाला खोट्या दागिन्यांनी गळ्याला पुरळ येत असेल तर बहुतेक वेळा त्यातल्या निकेलचा दोष असतो.

आणि आजीचा साज मोडून नवीन काही करायचं मनात असेल तर थोडं थांबावं. वितळल्यावर हातात सोनं येतं, पण पानांवरची नक्षी आणि घडणावळ त्यात येत नाही. त्याऐवजी तो पटवेकऱ्याकडे न्यावा. जुना दोरा बदलून, गोंडा नवा करून, पानं पुसून तो साज पुन्हा घालण्याजोगा करतो. दोरी सरकत्या गाठीची आणि थोडी लांब ठेवायला सांगितलं, तर बंद गळ्याच्या कुर्त्यावर साज छातीपर्यंत खाली येतो आणि खणाच्या चोळीवर तोच वर, गळ्याजवळ ओढून घेता येतो.